पन्नाशीपुढचे शिकाऊ

कारखान्यात नवा माग आला की आमच्या सोलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मागाला हार-नारळ होतो, पेढे वाटले जातात, आणि पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराला सांगितलं जातं, "मामा, तुम्ही आता पॅकिंगला बसा." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. या वयात कशाला त्रास, असाच भाव असतो. पण तीस-पस्तीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं की त्याची मजुरी उतरते, आणि घरी तो गप्प गप्प राहायला लागतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये हे इतक्यांदा पाहिलंय, की एखाद्या कारखानदाराने नव्या मशिनच्या ट्रेनिंगला बोलावलं तर मी आधी कामगारांची यादी मागते आणि त्यात कोणाची नावं नाहीत ते बघते.

मी टेक्सटाइलचा डिप्लोमा केला, काही वर्षं टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि आता कामगारांना शिकवायचं काम करते. कधी मागावर, कधी शिलाईच्या युनिटमध्ये. आई विड्या वळायची, वडील गिरणीत होते. सोलापुरात कापडगिरण्या १८७०च्या दशकात सुरू झाल्या आणि गेल्या शतकाच्या अखेरीला एकेक करत त्यांचे भोंगे बंद पडत गेले. वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा ते चाळिशीच्या पुढे होते. हातात उत्तम काम होतं. पण तुम्हाला आणखी काय शिकता येईल, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या बरोबरीचे कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीची गाडी लावली. वडील एका गोदामावर वॉचमन झाले. रात्री खुर्चीवर बसून राहायचं काम. कापडाला हात लावला की त्यातला दोष सांगणारी बोटं पुढची सगळी वर्षं किल्ल्यांचा जुडगा सांभाळत राहिली. मी हे काम का करते, याचं उत्तर तिथेच आहे.

लोकांना वाटतं, वय झालं की माणूस शिकत नाही. इतक्या वर्षांत मला दिसलं ते वेगळं. मोठ्या वयाचा माणूस कोऱ्या पाटीवर शिकत नाही, कारण त्याची पाटी कोरी नसतेच. त्याला आधीच जे येतं त्याला नवं शिक्षण जोडून दिलं, तर तो विशीतल्या पोरापेक्षा पक्कं शिकतो. तुमचं जुनं विसरा, हे नवं पाठ करा, असं म्हटलं की तो अडतो. आपल्याकडचं बहुतेक ट्रेनिंग नेमकं हेच म्हणतं. कंपनीचा इंजिनिअर येतो, हिंदीत नाहीतर इंग्रजीत पॅनलवरची बटणं दाखवतो, पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतात, मामा मागे उभे राहतात. शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, तर घरची भाषा तेलुगू, बाजाराची मराठी, आणि मशिनची तिसरीच.

एका मामांचं सांगते. साठी उलटलेली. साध्या यंत्रमागावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. साध्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग आपला चालूच राहतो. विणकराची नजर पाहिजे. मामांना नजरेआधी कानाने कळायचं. आडवा धागा घेऊन ये-जा करणारा धोटा जरा वेगळा वाजला की ते तिकडे वळायचे. मग कारखान्यात रेपियर माग आले. रेपियरला धोटा नाही. एका बाजूचा रेपियर, म्हणजे टोकाला चिमटा असलेली पट्टी, बाण्याचा आडवा धागा पकडून मध्यापर्यंत आणतो, दुसऱ्या बाजूचा तो उचलून पलीकडे नेतो. वेग दुप्पट-तिप्पट, आणि आवाजाची सगळी भाषाच बदललेली. वर हा माग स्वतःहून थांबतो. दिवा लागतो, स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी अक्षरं येतात. मामांना तो माग का थांबला ते कळेना. पोरं पळत येऊन धागा जोडायची, बटण दाबायची, आणि मामा बाजूला सरकायचे. चार-पाच दिवसांत त्यांनी स्वतःच पॅकिंगला जायची भाषा सुरू केली.

पाळी सुरू व्हायच्या आधी, शेड बंद असताना, मी त्यांना मागाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर ड्रॉपरची एक पातळ पोलादी पत्ती लटकलेली असते. धागा ताठ आहे तोवर पत्ती वर. धागा तुटला की पत्ती खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, विजेचा मार्ग पुरा होतो आणि माग थांबतो. मी एक धागा त्यांच्यासमोर कात्रीने कापला. टिक करून पत्ती पडली. मामांनी ती बोटाने उचलली, सोडली, पुन्हा उचलली. मग म्हणाले, "म्हणजे हे माझंच काम करतंय की." त्यानंतर स्क्रीनवरचं एकही अक्षर वाचायला न शिकता त्यांना दिव्यांचा अर्थ समजला: हा दिवा लागला की मागे जायचं, पत्त्यांच्या रांगेवरून हात फिरवायचा, पडलेली सापडली की धागा जोडायचा, तो दुसरा लागला की बाण्याकडे बघायचं. स्क्रीन त्यांनी नंतर आपणहून शिकून घेतली, आणि तीही चित्र ओळखावं तशी.

गोष्ट इथे संपत नाही, कारण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टॉवेल विणताना दोन ताणे असतात, एक घट्ट ओढलेला आणि एक सैल. बाण्याचे दोन धागे विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे ठेवतात, तिसरा आला की फणी तिघांनाही एकदम पुढे ठोकते. सैल ताण्याला जायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जातो आणि त्याचे फास होतात. टॉवेल पाणी पितो तो या फासांमुळे. सैल ताण्याचा ताण जरा हलला की कुठे फास उंच, कुठे बुटका. नव्या मागाची स्क्रीन सगळं बरोबर असल्याचं सांगत होती. मामांनी चालत्या कापडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, डावीकडे बसकं येतंय. पोरांना दिसत नव्हतं. टॉवेल उतरवून उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं. त्या दिवसापासून त्या शेडमध्ये मामा पोरांना हात ठेवायला शिकवतात आणि पोरं मामांना सेटिंगची पानं उघडून देतात. हे मी मुद्दाम घडवून आणलं होतं असं नाही. पण आता मुद्दाम घडवते. प्रत्येक नव्या मागावर एक जाणता आणि एक नवखा अशी जोडी लावा, आणि दोघांनाही सांगा की तुम्ही दोघंही शिकाऊ आहात. जाणत्याला नुसतं शिकायला बसवलं तर तो अवघडतो. त्याच्याकडूनही काही घेतलं जातंय हे कळलं की विचारायची लाज जाते.

लाज हा शब्द मी विचार करून वापरतेय. मोठ्या वयाच्या माणसाच्या शिकण्यात बुद्धीपेक्षा तिचाच अडसर जास्त. ज्याला शेडमध्ये सगळे विचारायला यायचे, त्याने नातवाच्या वयाच्या पोराला सगळ्यांदेखत विचारायचं? तो विचारणार नाही. चुकीचं बटण दाबण्यापेक्षा बटणच दाबणार नाही. म्हणून सरावाची वेळ वेगळी पाहिजे, पाळीच्या आधी, कमी माणसांत. दुसरं कारणही आहे. चालू शेडमध्ये आवाज इतका असतो की वर्षानुवर्षं त्यात काम केलेल्यांचे कान, विशेषतः बारीक, चिरक्या आवाजांना, अधू झालेले असतात. विणकर आपापसात ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. तिथे ओरडून शिकवलेलं अर्धं पोचत नाही, आणि मग म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरत नाही असं आपणच म्हणतो.

आता बायकांकडे येते. रेपियर आला की कांडीचं काम संपतं, ही गोष्ट कारखान्याबाहेर फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. धोट्यात बाण्याचं सूत गुंडाळलेली कांडी लागते. रेपियरला बाणा सुताच्या शंकूसारख्या मोठ्या रिळावरून थेट जातो. कांड्या भरणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यातल्या कितीतरी पन्नाशीच्या पुढच्या. माग बदलला त्याची चर्चा होते, यांचं काम गेलं ते नोंदलंही जात नाही. विडीचंही तसंच आहे. विड्या वळणाऱ्या ज्या आहेत त्या वय झालेल्या, आणि त्यांच्या मुली-सुनांना हे काम नको आहे. हे बरोबरच आहे, तंबाखूच्या धुरळ्यात जन्म घालवावा असं मला कोणाच्याच मुलीबद्दल वाटत नाही. पण आज विड्या वळणाऱ्या बाईने उद्या काय करायचं? शहरात गणवेश शिवणारी युनिट्स उभी राहिली, तिथे बायका लागतात, म्हणून अशा काही अक्कांना शिलाई शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची बोटं बघण्यासारखी असतात. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखूची चिमूट नेमकी तेवढीच, पान वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. आणि हे गप्पा मारत, हाताकडे न बघता. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून एक सेकंद वाया घालवायची सवय नाही. अशा बोटांना शिलाई जड जायचं कारण नव्हतं. तरी पहिल्या आठवड्यात निम्म्या अक्का परत जायच्या बेतात होत्या. कारण पायाखाली होतं. जन्मभर जमिनीवर मांडी घालून काम केलेल्या बाईला स्टुलावर बसवून पायाशी पेडल दिलं. कारखान्यातली शिलाई मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते. जरा पाय पडला की कापड हातातून सुटून धावतं आणि बोट सुईखाली जाईल या धास्तीने बाई खांद्यापर्यंत आखडते. एक अक्का म्हणाल्या, "ताई, ही गाडी माझ्या हातात नाही, मी तिच्या हातात हाय."

उपाय सोपा निघाला. नव्या सर्व्हो मोटरवर वेगाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते. ती अगदी खाली आणली. मग पाय कितीही दाबला तरी मशीन चालीनेच चालणार. भीती गेली तशी अक्कांनी स्वतःहून वेग वाढवून मागितला. युनिटच्या मॅनेजरना ही सोय माहीत होती, पण ती शिकाऊंसाठी वापरायची असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. विशीतल्या पोरी दोन दिवसांत पायाला वळण लावतात, त्यामुळे गरजच पडली नव्हती.

दुसरी अडचण डोळ्यांची, आणि इथे मला जरा थांबायचंय. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसायला लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत, विशीतल्याच्या मानाने, साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे ज्या ट्यूबलाइटखाली पोरीला सुईचं नेढं दिसतं, तिथे अक्कांना तेवढंच दिसायला कितीतरी जास्त उजेड पाहिजे. पण आम्ही सगळ्यांना एका ओळीत, एकाच दिव्याखाली बसवतो. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आसामच्या चहामळ्यांतला एक अभ्यास छापून आला. चाळिशी गाठलेले आणि त्यापुढचे ७५१ मजूर. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची तोड सुमारे २५ किलोवरून ३५च्या घरात गेली. हंगाम चढता असल्याने बाकीच्यांचीही वाढली, पण २६ वरून ३१च्या आसपासच. पानं खुडणं हे सुई ओवण्याइतकं बारीक काम नाही, तरी एवढा फरक. आमच्या तुकडीची नजर तपासली तेव्हा बहुतेकींना चष्मा लागत होता आणि तो कोणाकडेही नव्हता. चष्मे आले, प्रत्येक मशिनवर सुईपाशी छोटा एलईडी दिवा लावला, सुई ओवायची तारेची चिमुकली साधनं आणली. सगळा खर्च मिळून एका शिलाई मशिनच्या किमतीपेक्षा कमी. कारखानदारांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते: ट्रेनिंगच्या खर्चात पहिली ओळ चष्म्याची लिहा. दिसतच नसेल तर शिकणार काय?

जर्मनीत बीएमडब्ल्यूच्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात २००७ साली असाच एक प्रयोग झाला. पुढे दहा वर्षांनी आपल्या कामगारांचं सरासरी वय ४७ होणार हे हेरून त्यांनी एका लाइनवर आजच तशी माणसं उभी केली आणि तुम्हाला कुठे दुखतं, काय बदलू, हे त्यांनाच विचारलं. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंग, मोठी अक्षरं, असे छोटे छोटे ७० बदल झाले. सगळा खर्च सुमारे ४० हजार युरो आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. हे उदाहरण दिलं की मालक म्हणतात, मॅडम, ते जर्मनी आहे. बरोबर आहे. पण आमच्याकडे खाली शहाबादी फरशी असते आणि तिच्यावर बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढायची असते. मागापुढे जाड रबरी पट्टी टाकायला जर्मनी लागत नाही. टाकली तिथे गुडघ्यांची तक्रार कमी झाली. आणि ती पट्टी टाका हे सुचवलं एका कामगारानेच.

यापेक्षाही मोठी अडचण पैशाची आहे. मजुरी नगावर. शिकताना नग कमी निघतात, म्हणजे त्या आठवड्याचा पगार कमी. विशीतल्या पोराचं घर बाप चालवत असतो, तो सोसू शकतो. पन्नाशीच्या माणसावर घर असतं: मुलीचं बाळंतपण, घराचा हप्ता, औषधं. तो नवं मशीन नको म्हणतो तेव्हा त्याला मशिनची नव्हे, शनिवारच्या पगाराची भीती असते. शिकण्याच्या काळात आधीच्या सरासरीएवढी मजुरी बांधून द्या, ही माझी पहिली अट असते. काही मालक ऐकतात, काही नाही. जिथे ऐकलं तिथे नको म्हणणारे जवळजवळ उरले नाहीत. आणि या वयात काम करायचंच कशाला, असं विचारणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की ज्यांचा पीएफ कापला गेला त्यांनाही ५८व्या वर्षापासून मिळणारं कर्मचारी पेन्शन २०१४ पासून महिना किमान १००० रुपये आहे. ज्यांचा कापलाच गेला नाही त्यांना तेवढंही नाही. ही माणसं सत्तरीपर्यंत काम करणार आहेत. त्यांना चांगलं, जमेल असं, नीट मजुरीचं काम करू द्यायचं की कोपऱ्यात बसवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

सरकारी योजनांमध्ये वयाचा रकाना आला की माझं मन खट्टू होतं. ग्रामीण तरुणांच्या दीनदयाळ उपाध्याय कौशल्य योजनेत वय साधारणपणे १५ ते ३५, बायकांना ४५पर्यंत. तरुणांसाठी योजना असाव्यातच. पण पस्तिशी-पंचेचाळिशीनंतर शिकणं संपतं असं धरून देश चालणार नाही. पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली, तिला वरची वयोमर्यादा नाही, ट्रेनिंगच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता आहे. शिकणाऱ्याची मजुरी बुडते हे त्यात कोणीतरी ओळखलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. आमचा मागावरचा विणकर मात्र नाही. ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तिथे हे टोचतं.

मी शिकवते त्यातले सगळेच टिकतात असं नाही. एक काका नजर पार गेल्यामुळे मागावरून उतरले, ते योग्यच होतं. एका अक्कांना मानेचा त्रास होता, शिलाई झेपली नाही. त्या आता तयार गणवेश तपासतात, सुटलेला टाका त्यांच्या हाताला आधी लागतो. हा निर्णय त्यांच्याशी बोलून झाला. त्यांचं वय बघून परस्पर कोणी ठरवला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिलाईच्या तुकडीतल्या अक्कांना आता ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड बांधणारं मशीन, शिकायचंय, कारण तिथे मजुरी जास्त आहे. शहराबाहेरच्या कुंभारीहून येणाऱ्या दोघी तर पहिल्या बसने येऊन थांबायला तयार आहेत. ओव्हरलॉकला धागे चार-पाच, आणि प्रत्येकाची वाट वेगळी, आकड्यांतून, वाकड्या नळ्यांतून. एक चुकला की टाका धरत नाही. मशिनवर त्या वाटांना रंग दिलेले असतात, पण ते ठिपके एवढे बारीक की चष्मा लावूनही शोधावे लागतात. म्हणून मेकॅनिक भाऊंना बसवून प्रत्येक वाटेवर मोठे ठिपके रंगवून घेतोय, आणि सरावाला त्याच रंगांचे धागे आणलेत. लाल ठिपका, लाल धागा. दोन मशिनी झाल्या, चार राहिल्यात.